नळीचं टोक

गावात काहीही नवं स्थापन व्हायचं असलं, की त्याचा अध्यक्ष आधीपासून तयार असायचा. वाचनालय निघालं तेव्हा तोच, रस्ता समिती निघाली तेव्हा तोच, आणि आता पाणी बचाव समिती निघाली तेव्हाही तोच. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोच्याही तोंडात राहिलं नव्हतं. सगळं गाव त्याला अध्यक्ष म्हणायचं आणि त्यालाही ते मनापासून पटलेलं होतं. थोरली तेवढी त्याला भाऊजी म्हणायची, कारण तो तिचा सख्खा धाकटा दीर. हल्ली तेही ती दात आवळूनच म्हणायची.

थोरलीचा राग जुना आहे, असं गाव म्हणायचं. दोन भावांच्या शेतांमधला बांध अध्यक्षाने दर नांगरणीला थोडा थोडा कोरत आपल्याकडे ओढला होता आणि त्यावरून दोन्ही घरांतलं जाणं-येणं बंद झालं होतं, हे खरंच होतं. पण बांधाचा राग वेगळा आणि पाण्याचा राग वेगळा, हे गावाला समजावता समजावता थोरलीचा जीव मेटाकुटीला आला होता. बांधाचा राग तिने कधीच गिळला होता. पाण्याचा गिळता येत नव्हता. तिची एकुलती लेक गावातच, खालच्या आळीत दिली होती, तिला सातवा महिना लागला होता, आणि खालची आळी अध्यक्षाच्या विहिरीचं पाणी प्यायची.

आळीला पाणी द्यायची कल्पना अध्यक्षाचीच. विहिरीपासून पाइप आणून त्याने आळीच्या तोंडाशी सिमेंटची टाकी बांधली, तिला चार नळ बसवले आणि वर स्वतःचं नाव रंगवलं. टाकी बेताची होती, पण नाव लांबून वाचता येईल असं होतं. बायकांचा ओढ्यापर्यंतचा फेरा वाचला, त्याबद्दल थोरलीनेही त्या वेळी त्याला दुवा दिला होता. आता तो दुवा परत घेता येत असता, तर तिने भर चौकात घेतला असता.

या वर्षी पिकात तण माजलं, घराघरातून फवारणी सुरू झाली आणि त्याच सुमारास आळीतल्या लोकांना कसंतरीच व्हायला लागलं. कोणाच्या पोटात ढवळायचं, कोणाचं तोंड आतून सोलवटून निघायचं. शिंपिणीचं लहान पोर तर उलट्या करकरून इतकं सुकलं, की त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. अध्यक्षाने तातडीने सभा घेतली आणि सभेत गुन्हेगारही जाहीर करून टाकला. डोंगराच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना होता. तोच आपलं पाणी नासवतोय, असं अध्यक्ष म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारखाना काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पलीकडच्या ओढ्याचं त्याने पार वाटोळं केलं होतं. पण तो ओढा डोंगराच्या पलीकडच्या उतारावरून पलीकडेच वाहत जायचा. पाणी डोंगर चढून अलीकडे येत नाही, एवढं तर शेतकऱ्यांना कळायला हवं होतं. कळतही असेल. पण कारखान्यावर चिडणं सोपं होतं, कारण तिथे आपलं कोणीच नव्हतं.

थोरलीने जे पाहिलं ते योगायोगाने. दावं तोडून पळालेली शेळी शोधत ती अध्यक्षाच्या विहिरीकडे गेली होती. विहिरीच्या काठाला ट्रॅक्टर उभा होता, मागे फवारणीची मोठी गडद निळी टाकी, आणि मोटर चालू होती. तणनाशक टाकीत आधीच ओतलेलं होतं, त्याचा वास नाकात चरचरत होता. विहिरीतून आलेली जाड नळी टाकीच्या तोंडातून आत थेट तळापर्यंत सोडलेली होती. हे औषध फार फेसाळतं. नळी वर धरून पाणी सोडलं, तर टाकी अर्धी व्हायच्या आत फेस उतू जातो. मग मोटर बंद करा, फेस बसू द्या, परत चालू करा, असं ताटकळत उभं राहावं लागतं. नळीचं टोक तळाशी बुडवून ठेवलं, की फेस येत नाही आणि माणूस मोकळा होतो.

मोकळा झालेला अध्यक्ष झाडाखाली पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. पलीकडे कोणीतरी वार्ताहर असावा.

"पाणी म्हणजे जीवन आहे, साहेब," तो सांगत होता. "आमच्या आयाबहिणी आज विष पितायत. विष हा शब्द तेवढा घ्या बातमीत."

तेवढ्यात वीज गेली. मोटर बंद पडली आणि सगळीकडे शांत झालं. त्या शांततेत थोरलीला टाकीतून घटघट आवाज ऐकू आला. तिने चाकावर पाय देऊन आत डोकावून पाहिलं, तर भरत आलेली टाकी आपण होऊन उतरत होती. नळीने जे पाणी वर आणलं होतं, तेच ती आता औषधासकट विहिरीत परत ओढून नेत होती. तिच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग तिने दोन्ही हातांनी नळी धरली आणि खेचून बाहेर काढली.

"भाऊजी, औषध विहिरीत चाललंय."

अध्यक्षाने फोनवर हात ठेवला. "वीज गेली की जातं थोडं मागे, वहिनी. दोन घोट गेलं असेल."

"मागे जाऊ नये म्हणून पाइपात झडप असते ना?"

"होती. तिच्यात कचरा अडकायचा, सारखा पाइप वर काढायला लागायचा. टाकली काढून."

"खाली आळी हे पाणी पिते. माझी लेक पिते."

"एवढी मोठी विहीर आहे, तिला काय होतंय? खरं विष तिकडून येतंय," असं म्हणत त्याने डोंगराकडे बोट दाखवलं आणि फोन परत कानाला लावला.

थोरलीच्या हातात अजून ती नळी होती, आणि तिच्या टोकातून पांढुरकं पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं. अध्यक्षाच्या घरात भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. पाणी स्वच्छ झालं, की त्याच्यावर हिरवा दिवा लागायचा. ते यंत्र तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, घरं बोलत होती तेव्हा. त्याची आठवण होऊन तिच्या मस्तकात तिडीक गेली.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होता. ऐकता ऐकता त्याचा हात थांबला.

"नळी अगदी तळापर्यंत होती?" त्याने विचारलं.

"तळापर्यंत. तुमचा भाऊ गावाला विष पाजतोय आणि वर समितीचा अध्यक्ष म्हणून मिरवतोय."

"मी बोलतो त्याच्याशी," तो म्हणाला आणि परत विळा घासायला लागला. बोलला मात्र नाही. ती रोज विचारायची आणि तो रोज 'बोलतो' म्हणायचा. थोरलीला वाटलं, भाऊ आहे शेवटी, जीभ उचलत नसेल. नवरा मुळात गरीब स्वभावाचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिने त्याचा नाद सोडला आणि लेकीचं पाणी आपल्या हातात घेतलं.

त्यांची स्वतःची विहीर वरच्या अंगाला होती, खोल आणि बारमाही. दुसऱ्या दिवसापासून थोरली तिथलं पाणी दोन कॅन भरून लेकीच्या घरी न्यायला लागली. कॅन भरून द्यायचं काम नवऱ्याने आपण होऊन घेतलं. दुहेरी फडकं लावून तो पाणी गाळायचा, कॅनची झाकणं घट्ट पिळायचा, आणि "आपली विहीर खोल आहे, तिला काही होत नाही," असं न विचारता सांगायचा. थोरलीला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. निदान लेकीसाठी तरी त्याचा हात चालत होता.

आळीतल्या बायकांना तिने सांगायचं बाकी ठेवलं नाही. नळावर उभी राहून सांगितलं, दारात जाऊन सांगितलं. त्या ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि ती वळली की एकमेकींकडे बघून हसायच्या. बांधाचं भांडण विहिरीपर्यंत आलं, असं त्यांचं म्हणणं. अध्यक्षाच्या बायकोने तर नळावर ऐकवलं, की ज्यांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही, त्यांना दुसऱ्याच्या विहिरीतही किडे दिसतात. शिंपीण तेवढी एकदा गंभीरपणे म्हणाली, "खरं असेलही, ताई. पण आम्हाला कोण कॅन आणून देणार?"

थोरलीने कॅन उचलले आणि लेकीच्या दाराकडे चालायला लागली. आपण फक्त आपल्या पोरीला वाचवतोय, ही गोष्ट तिला कॅनपेक्षा जड झाली होती.

लेक दारात बसूनच असायची. आईला बघून उठायची धडपड करायची आणि थोरली तिला दटावून खाली बसवायची.

"आता मळमळतंय का?"

"मळमळतं गं अजून. तोंडपण हुळहुळतं. पण सासूबाई म्हणतात, दिवस गेल्यावर कोणाकोणाला शेवटपर्यंत होतं."

"जुनं पाणी अंगात आहे ते जायला वेळ लागेल," थोरली म्हणायची. "हेच पी. नळाचं थेंबभरही घेऊ नकोस."

"नाही घेत. तू आणतेस तेवढंच पिते," लेक म्हणायची, आणि आईच्या देखत पेला भरून घटाघटा प्यायची. आईचं समाधान व्हावं म्हणून तहान नसली तरी प्यायची.

समितीने कारखान्यावर मोर्चा न्यायचं ठरवलं. फलक रंगले, ट्रॅक्टर ठरले. मोर्चाच्या आदल्या आठवड्यात अध्यक्षाने परत फवारणी काढली, आणि थोरलीने शेताच्या कडेने जाताना पाहिलं, की नळीचं टोक परत टाकीच्या तळाशी. इतकं सांगून, इतकं बोलून नळीचं टोक वीतभरही वर आलं नव्हतं. त्या दिवशी तिने ठरवलं, की आता तोंडाची वाफ दवडायची नाही. लोकांचा कानावर विश्वास नसेल, तर डोळ्यांनी बघू देत.

ती दुकानात गेली आणि कपड्यांना घालायची नीळ मागितली. दुकानदाराने एक बाटली पुढे केली.

"एवढीच आहे?"

"एवढीने वर्ष निघेल."

"होती नव्हती तेवढी सगळी द्या."

दुकानदार तिच्याकडे बघतच राहिला, पण गिऱ्हाइकाशी वाद घालणाऱ्यातला तो नव्हता.

मोर्चाच्या दिवशी सकाळी अध्यक्ष शेतावर आला. लोकांना जमायला अजून अवकाश होता, तेवढ्यात टाकी भरून ठेवावी म्हणजे आल्यावर फवारायला बरं, असा त्याचा हिशेब. थोरली विहिरीमागच्या झुडपाआड दबा धरून बसली होती. या वयात झुडपात बसायची वेळ आणली म्हणून तिने दिराला मनातल्या मनात ठेवणीतल्या शिव्या घातल्या. अध्यक्षाने टाकी आधी धुतली, धुण्याचं पाणी तिथेच जमिनीवर ओतून दिलं, नळी तळाशी सोडली आणि मोटर चालू केली. मग औषधाचा डबा आणायला तो खोपीकडे गेला. तिथे त्याला फोन आला आणि तो डबा विसरून बोलत उभा राहिला.

टाकीत अजून नुसतं पाणीच होतं. थोरली तेवढ्याचीच वाट बघत होती. पाणी चांगलं वर आलं तशी ती पुढे झाली, एकेक बाटली उघडून तिने नीळ आत ओतली आणि पेटीतलं बटण दाबून मोटर बंद केली. टाकी घटघट आवाज करत उतरायला लागली. निळं पाणी नळीवाटे विहिरीत चाललं होतं, आणि वर उभ्या असलेल्या थोरलीचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. टाकी बरीच रिकामी झाल्यावर तिने मोटर परत चालू केली आणि आली तशी निघून गेली. अध्यक्ष आला तेव्हा मोटर चालूच होती. टाकीचं प्लॅस्टिक निळं, त्यात पाण्याचा रंग कुठला कळायला? त्याने औषध ओतलं, टाकी भरली, नळी बाहेर काढली, आळीच्या टाकीकडे जाणारा नळ उघडला आणि मोर्चाला निघाला.

थोडा वेळ गेला आणि आळीत आरडाओरडा झाला. नळाला निळं पाणी आलं होतं. बादलीत निळं, हंड्यात निळं, कोणाच्या तरी भिजत घातलेल्या कपड्यांवर निळं. जमलेला मोर्चा तिकडे धावला. थोरलीचा नवराही लेकीचे कॅन घेऊन तिकडे निघाला होता, आणि त्याच्याआधी थोरली पोचली. लोकांनी आता नळीकडे बघावं, विहिरीकडे जावं, कोणी तरी विचारावं, एवढीच तिची अपेक्षा होती.

पण अध्यक्ष तिच्यापेक्षा चपळ निघाला. त्याने एक काचेची बाटली नळाखाली भरली, टाकीच्या कठड्यावर चढला आणि बाटली उंच धरली.

"बघा," तो म्हणाला, "डोळे उघडून बघा. कारखान्याचा रंग आज तुमच्या घरात आला. आणखी काय पुरावा पाहिजे?"

गर्दीतून संतापाचा एकच आवाज उठला. लोक ट्रॅक्टरकडे वळले. कोणी म्हणालं, आज कारखान्याची काच शिल्लक ठेवायची नाही. थोरलीला क्षणभर हसावं की रडावं कळेना. तिने दाखवायला आणलेला पुरावा या माणसाने तिच्या हातातून काढून स्वतःच्या खिशात घातला होता. मग मात्र तिचा पारा असा चढला, की ती सरळ पहिल्या ट्रॅक्टरसमोर जाऊन उभी राहिली.

"नीळ आहे ती," ती म्हणाली. "कपड्यांची नीळ. मी टाकली."

तिने दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत निळे हात बघून पुढचे लोक थबकले.

"विहिरीत नीळ टाकलीस?" शिंपिणीने विचारलं. "लोक पितात त्या विहिरीत?"

"विहिरीला मी हात लावला नाही. यांच्या फवारणीच्या टाकीत टाकली. टाकीतून ती विहिरीत कशी गेली, ते अध्यक्षांना विचारा. नीळ गेली, तसंच औषध जातंय. लाईट गेली की प्रत्येक वेळी जातंय. मी घसा फोडून सांगत होते तेव्हा तुम्ही हसत होता."

"वहिनींचं डोकं ठिकाणावर नाही," अध्यक्ष म्हणाला. पण बाटली धरलेला त्याचा हात जरा खाली आला होता. "घरचं भांडण आहे, मंडळी. त्यांना कोणी तरी घरी न्या."

तेवढ्यात दुकानदार पुढे सरकला. "नीळ मात्र माझ्याकडचीच आहे," तो म्हणाला. "दुकानातली सगळी नेली यांनी. मी म्हटलं, यांच्या घरात एवढे पांढरे कपडे घालतं कोण?"

दोघेतिघे हसले आणि लगेच गप्प झाले. शिंपीण कठड्याजवळ गेली, अध्यक्षाच्या हातातून बाटली घेतली, बूच काढून वास घेतला. धुण्याच्या दिवशीचा तो वास बायकांना ओळखायला वेळ लागला नाही. बाटली एका हातातून दुसऱ्या हातात गेली. जिच्या हातात जायची, ती वास घेऊन वर अध्यक्षाकडे बघायची.

"माझं पोर दवाखान्यात आहे," शिंपीण म्हणाली. "तुमची नळी कुठे असते, खरं सांगा."

अध्यक्ष कठड्यावरून खाली उतरला. आधी तो म्हणाला, दोन घोट जात असतील. मग म्हणाला, औषध सरकारमान्य आहे. मग म्हणाला, झडप काढायचा सल्ला मोटर बसवणाऱ्याचा होता. एकाही वाक्यावर कोणी मान हलवेना, तसा तो चिडला.

"बरं, बुडवतो मी नळी," तो म्हणाला. "मी एकटा बुडवतो का? या गावात नळी वर धरून टाकी भरणारा एक माणूस मला दाखवा, मी आत्ता राजीनामा देतो. हं, दाखवा."

थोरलीने गर्दीवरून नजर फिरवली. सगळी ओळखीची तोंडं. ज्यांच्या विहिरी होत्या, ज्यांच्या विहिरींवर घरंच्या घरं पाणी भरत होती, ते सगळे मोर्चाला आले होते. फलक हातात होते. कोणी फलकाची काठी निरखून बघायला लागला, कोणी पायातल्या चपलेकडे. कारखान्याच्या काचा फोडायला निघालेल्या माणसांमधून एक हात वर येईना.

सुताराचे म्हातारबा, ज्यांना खोटं बोलायचा कंटाळा होता, ते शेवटी म्हणाले, "वर धरली तर फेस येतो ना पण."

"फेस येतो," थोरली म्हणाली.

पोरं उलट्या करत होती, बाया तोंडं धरून बसत होत्या, आणि हे सगळं कशासाठी, तर फेस बसेपर्यंत थांबायचा कंटाळा. कोणाला कोणाचा जीव घ्यायचा नव्हता. एवढंसं उभं राहायचा कंटाळा होता, बस. वैरी असता तर तिला बरं वाटलं असतं. वैऱ्याला शिव्या तरी देता येतात.

"घरोघर?" तिने विचारलं. "सगळे?"

शिंपीण आता स्वतःच्या नवऱ्याकडे बघत होती. तिच्या बघण्याने तो माणूस दोन पावलं मागे गेला. आणखी दोघीतिघी आपापल्या माणसांकडे वळल्या. ते पाहून थोरलीनेही वळून पाहिलं, सवयीने, फारसा विचार न करता. आपला नवरा तसला नाही, हे तिला सगळ्यांसमोर एकदा म्हणून टाकायचं होतं.

तो लेकीच्या दाराशी उभा होता. एक कॅन त्याने खाली ठेवला होता, दुसरा अजून हातात होता. शेजारी लेक उभी होती, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात नुकताच भरून घेतलेला पेला.

"आमचे हे वर धरतात," थोरली मोठ्याने म्हणाली. "हो ना? अहो, सांगा ना यांना."

तो हातातल्या कॅनकडे बघत होता.

"अहो."

"आपली विहीर खोल आहे," तो म्हणाला.

थोरली त्याच्याजवळ गेली. इतके दिवस दुहेरी फडक्याने पाणी गाळणारे ते हात, झाकणं पिळून घट्ट करणारे, तिच्यासमोर होते.

"आणि झडप?" तिने विचारलं.

"उद्या बसवतो. उद्या पहिलं तेच काम."

"आहे का, ते सांगा."

"काढली होती," तो म्हणाला. "कचरा अडकायचा."

दिरासाठी थोरलीजवळ शिव्यांचं भांडार होतं, ते सगळं आता तोंडात दाटून आलं होतं आणि त्यातली एकही पुरी पडत नव्हती. तिने त्याच्या हातातला कॅन हिसकावला, झाकण काढलं आणि त्याच्या पायांवर ओतायला लागली. पाणी स्वच्छ दिसत होतं, काचेसारखं. त्याच स्वच्छतेचा तिला इतका संताप आला, की तिने अर्धा भरलेला कॅन भिंतीवर फेकला. भिंत ओली झाली. तो तसाच उभा राहिला, ओल्या पायांनी.

"मी डोक्यावरून वाहून आणत होते," ती म्हणाली. "रोज. तुम्ही भरून देत होता."

"जात नसेल गं आपल्यात. गेलं तरी थोडं," तो म्हणाला, अगदी भावाच्या आवाजात.

लेकीने हातातला पेला पायरीवर ठेवला. ती रडली नाही की ओरडली नाही. सकाळपासून पाण्याची वाट बघत बसल्याने तिचा घसा कोरडा पडला होता, ते बोलताना कळत होतं.

"आई," ती म्हणाली, "तहान लागलीय मला. कुठलं पाणी पिऊ, तेवढं सांग."